सेल संपायच्या आत: हेडफोन बदलावा का?



सुरुवातीलाच एक विचारतो. हा भाग तुम्ही कशावर ऐकताय? फोनसोबत आलेल्या जुन्या वायरवर, गळ्यातल्या नेकबँडवर, कानात खुपसलेल्या बड्सवर, की फोन सरळ स्टीलच्या ग्लासात उभा ठेवून? ग्लासवाल्यांनी लाजू नका. तुमची परंपरा शंभर वर्षांची आहे, पुढे सांगतो.

तर झालं असं की मागच्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास माझ्या मावसभावाचा मेसेज आला. तो राहतो भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या एका गावात. भरतीची तयारी करतोय, क्लास सगळे फोनवर. एका हेडफोनची लिंक पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, "दादा, घेऊ का? लवकर सांग ना, सेल संपून राहिला." किंमत 6,999. वर लाल अक्षरात उलटी मोजणी: दोन तास चौदा मिनिटं.

पुण्या-मुंबईत सात हजार म्हणजे काय ते मला माहीत नाही. आमच्याकडे हिशोब धानात होतो. 2025-26 च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. म्हणजे मावशीच्या बांधीतलं जवळजवळ तीन क्विंटल धान, रोवणी-निंदण-कापणीसकट, पोराच्या दोन कानांवर बसणार. मी लगेच "घे" म्हणू शकलो नाही आणि "नको" म्हणायचीही छाती झाली नाही, कारण स्वतः मी त्याच्याहून महागडी वस्तू कमी विचार करून घेतलेली आहे. त्याला लिहिलं, "सेल जाऊ दे. दुसरा येतो." आणि मग तो शब्द डोक्यात अडकला. सेल. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ वेगळा होता.

आबाजींचे सेल

माझ्या आईचे वडील, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो. भंडारा जिल्ह्यात धानाच्या गिरण्या गावोगावी, म्हणजे राइस मिल. आबाजी अशाच एका मिलमध्ये आयुष्यभर कामाला होते. त्यांच्याकडे एक ट्रान्झिस्टर होता, चामड्याच्या कव्हरातला, कव्हरला भोकं पाडलेली. तो त्यांनी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी घेतला आणि घरातलं पहिलं अपग्रेड ते.

आज तुम्ही स्पीकर विकत घेता आणि विषय संपतो. तेव्हा तसं नव्हतं. रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. 1933 चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता, त्याखाली पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तकात तिकिटं चिकटवून घ्यायची. घरगुती रेडिओचा परवाना वर्षाला 15 रुपये. 1975-76 मध्ये धानाचा भाव क्विंटलला 74 रुपये होता, म्हणजे नुसतं ऐकण्याची परवानगी वीस किलो धानाला पडायची. ही भानगड 1985 मध्ये बंद झाली. आपले आजोबा-पणजोबा सबस्क्रिप्शन भरत होते, फक्त नाव वेगळं होतं.

पण परवान्यापेक्षा जास्त पैसे खायचे ते सेल. लाल, निळे, जाडजूड. महिना-दीड महिन्यात आवाज बारीक व्हायचा. मग आबाजी सेल काढून अंगणात उन्हात ठेवायचे. तुमच्यापैकी काहींच्या घरी अजून रिमोटचे सेल असेच उन्हात पडतात, दाताने चावूनही बघतात. यात अंधश्रद्धा नाही. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी जोरात चालते, तासाभराची गाणी निघतात, मग पुन्हा मान टाकतो.

आता इथे थोडं थांबतो, कारण हा भाग मला फार आवडतो आणि तो आपल्या जिल्ह्याचा आहे.

सेल फोडून पाहिलाय कधी? लहानपणी आम्ही फोडायचो, मधली कांडी काढून फरशीवर लिहायला. बाहेरचा डबा जस्ताचा. मधोमध कार्बनची कांडी. आणि कांडीभोवती काळी कुट्ट ओलसर पूड, जी हाताला लागली की दोन दिवस जात नाही. ती पूड म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड, कार्बनच्या भुकटीत मिसळलेलं. 1866 मध्ये फ्रान्समधल्या लक्लांशे नावाच्या अभियंत्याने या जोडीवर बॅटरी बनवली. तेव्हा ती काचेच्या बरणीत पातळ द्रावण घालून चालायची. पुढे द्रावणाऐवजी लगदा आला आणि सेल खिशात घालून नेता येऊ लागला. जस्त झिजत जातं, इलेक्ट्रॉन तारेतून फिरून येतात, आणि ते घ्यायला पलीकडे मँगनीज डायऑक्साइड बसलेलं असतं. ते संपलं की गाणं संपलं.

आणि हे खनिज कुठे मिळतं? तुमसर तालुक्यात. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, वरून खणायची. चिखल्याची भूमिगत. डोंगरी बुजुर्गचं डायऑक्साइड जातीचं खनिज ड्राय बॅटरीच्या कारखान्यांना जातं, आणि बॅटरीसाठीच लागणारं विजेने शुद्ध केलेलं मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा प्रकल्पही तिथे उभा राहिला. या खाणींचा इतिहास इंग्रजांपासूनचा. 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट आली, मग ती मँगनीज ओअर कंपनी झाली, 1962 मध्ये सरकार भागीदार होऊन आताची मॉइल झाली. नागपूरला मुख्यालय. आपण शाळेत "भंडारा जिल्ह्यात मँगनीज सापडते" हे वाक्य पाठ केलं, दोन मार्क घेतले आणि विसरलो. कोणी सांगितलं नाही की देशभर माणसांच्या मांडीवर जे ट्रान्झिस्टर वाजत होते, त्यांच्या पोटात हे असलं काळं भरलेलं होतं.

आबाजी संध्याकाळी नागपूर आकाशवाणी लावायचे. ते केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं आणि भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, त्यामुळे आवाज स्वच्छ यायचा. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बातम्या, मग भजन. गाण्याचा दर्जा विचाराल तर छोट्या स्पीकरचा, पत्र्यासारखा. त्याची तक्रार घरात कोणी केल्याचं ऐकिवात नाही. ट्रान्झिस्टरने त्यांना एक गोष्ट दिली जी आधी नव्हती: घरात वीज नसतानाही नागपूर ओसरीवर येऊन बसलं.

आधी हेडफोन, मग स्पीकर

आपल्याला वाटतं आधी मोठा रेडिओ, मग छोटा, मग शेवटी हेडफोन. उलटं आहे. रेडिओची सुरुवातच हेडफोनने झाली.

1910 च्या सुमारास अमेरिकेत युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने स्वयंपाकघराच्या टेबलावर हेडफोन बनवले. प्रार्थनास्थळाच्या प्रचंड मोठ्या सभागृहात प्रवचन नीट ऐकू येत नाही, हा त्याचा त्रास होता असं सांगतात. त्याने ते अमेरिकन नौदलाला पाठवले. आधी कोणी मनावर घेतलं नाही, पण वापरून पाहिल्यावर मागणी आली. तर बाल्डविनने कळवलं की एका वेळी दहापेक्षा जास्त जमणार नाहीत, स्वयंपाकघर तेवढंच आहे. बायकोची परवानगी होती की नाही, इतिहास गप्प आहे.

पुढे 1920 च्या दशकात प्रसारण सुरू झालं तेव्हा गरिबाचा रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. एक गुंडाळी, एक खनिजाचा खडा, त्यावर टोचलेली बारीक तार, लांब अँटेना आणि हेडफोन. बॅटरी नाहीच. हवेतून आलेल्या लहरीत जेवढी ऊर्जा असेल तेवढ्यावरच आवाज. ती इतकी कमी की फक्त कानाला चिकटवलेल्या हेडफोनला पुरते. लाउडस्पीकर हवा तर व्हॉल्व्हचा सेट, बॅटऱ्या, खर्च. म्हणजे तेव्हा हेडफोन गरिबाचा आणि स्पीकर श्रीमंताचा. मग चार जणांना ऐकायचं असेल तर लोक हेडफोन काचेच्या खोल वाडग्यात ठेवायचे आणि वाडग्याभोवती डोकी जमवायचे. ग्लासवाले मित्रांनो, हेच ते. आणि आपल्या पितळनगरीत तर पितळी गंजात फोन ठेवून बघाच. स्टीलपेक्षा बरा वाजतो की नाही यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

23 जुलै 1927 ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. ताकद दीड किलोवॅट. क्रिस्टल सेटवर ऐकायचं तर साधारण तीस मैलांच्या आत राहायला हवं. तुम्ही जगातला सर्वांत भारी हेडफोन आणून भंडाऱ्यात बसला असतात तरी मुंबईची एक ओळ कानावर पडली नसती. इथे गाडं केंद्राच्या अंतरावर अडलं होतं, कानातल्या यंत्रावर नव्हे. 1930 मध्ये ती कंपनी बुडाली, परवान्याचे पैसे पुरले नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतोय. मावसभाऊ विचारत होता, "हा चांगला आहे का?" प्रश्न आधी असा हवा की आत्ता तुझं ऐकणं नेमकं कुठे अडलंय. जिथे अडलंय तिथे पैसे घातले तर फरक पडतो. दुसरीकडे कितीही घाला, तो मुंबई केंद्रासाठी भंडाऱ्यात आणलेला हेडफोन.

याच नजरेने पुढचा इतिहास पाहिला की गंमत दिसते. 1956 मध्ये पुण्याच्या आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पश्चिम महाराष्ट्रातल्या दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. गावाला एक सेट, भोवती वीसेक माणसं, कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचं. एका सेटला वीस माणसं म्हणजे आजच्या भाषेत फारच रद्दी अनुभव. तरी प्रयोगाचा इतका बोलबाला झाला की पुढे देशभर त्याची नक्कल झाली.

1958 मध्ये अमेरिकेतल्या जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला, गाणी ऐकण्यासाठी म्हणून. तोवर हेडफोन म्हटलं की टेलिफोन ऑपरेटर आणि बिनतारीवाले. कॉसमुळे हेडफोन शौकाची वस्तू झाला. पण घरात खुर्चीला बांधलेला.

मग 1 जुलै 1979. सोनीचा वॉकमन, 33,000 येन. त्याची मेख अशी की तो आधीच्या यंत्रापेक्षा कमी कामाचा होता! सोनीकडे पत्रकारांसाठी प्रेसमन नावाचा छोटा टेपरेकॉर्डर होता. त्यातून रेकॉर्डिंग काढून टाकलं, स्पीकर काढून टाकला आणि स्टिरिओ घातला. कंपनीतल्याच लोकांना वाटलं, रेकॉर्ड न करणारा टेपरेकॉर्डर घेणार कोण? पण त्या काळी चांगले हेडफोन तीनचारशे ग्रॅमचे असायचे आणि वॉकमनसोबतचा हेडफोन पन्नास ग्रॅमच्याही आत. डोक्यावर घालून चालता येत होतं. बस, तेवढंच. आणखी एक: सोनीचे अकिओ मोरिता यांना एकट्याने ऐकणं उद्धटपणाचं वाटलं म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनची भोकं होती आणि एक केशरी बटण, ते दाबलं की गाणं दबतं आणि दोघं एकमेकांशी बोलू शकतात. पुढे ते बटण गेलं. आपण आता एका कानातला बड काढून बोलतो.

आमच्याकडे वॉकमन आला तो नव्वदच्या दशकात, मामाचा. कॅसेट रिवाइंड करायला तो बटण दाबत नसे, चक्रात पेन घालून गरागरा फिरवायचा. सेल वाचला पाहिजे. माझ्या पिढीला हा व्यायाम माहीत आहे. वस्तूची खरी किंमत दुकानात अर्धीच दिसते, उरलेली महिन्या-महिन्याला दिसते, हे मामाला कोणी शिकवलं नव्हतं.

2016 च्या सप्टेंबरवर वेगळा भाग करायला हवा. 5 तारखेला जिओ सुरू झालं आणि 7 तारखेला अॅपलने हेडफोनचं भोक नसलेला आयफोन दाखवला. एकाने गावागावात ऐकायला आणि पाहायला इतकं दिलं की संपेना, दुसऱ्याने वायर काढून घेतली. आजचा तुमचा-माझा कान या दोन दिवसांमध्ये घडलाय. वायर गेली आणि सेल परत आला. फक्त आता तो मँगनीजचा नाही, लिथियमचा, बोराच्या आठोळीएवढा, बडच्या पोटात चिकटवलेला. उन्हात ठेवून उपयोग नाही, उलट बिघडेल. दोन-तीन वर्षं रोज वापरला की त्याची ताकद ओसरते आणि बहुतेक बड्समध्ये तो बदलून मिळत नाही. आमच्या आबाजींना नवे सेल मिळत होते. आपल्याला नवे बड्स घ्यावे लागतात.

महाग म्हणजे चांगलं?

2017 मध्ये येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाचा एक छोटा निबंध अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. 283 हेडफोन घेतले, प्रत्येक जण बारीक आवाजापासून जाड आवाजापर्यंत कसा वाजतो ते मोजलं आणि किमतीशी ताडून पाहिलं. संबंध सापडला नाही. म्हणजे महागडे सगळे वाईट असं अजिबात नाही. टिकाऊपणा, आराम, माइक, आवाज रोखणं याला पैसे पडतातच. पण किमतीचा आकडा पाहून आवाजाचा अंदाज बांधता येत नाही, एवढं नक्की.

आणि तुम्ही ऐकता काय, तेही बघा. टेलिफोन शंभर वर्षं 300 ते 3,400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात चालला आणि त्यावर लोकांनी लग्नं जमवली, भांडणं केली, रडले. बोलण्याला फार रुंद पट्टा लागत नाही. हा आमचा पॉडकास्ट, तुमचे क्लासचे व्हिडिओ, हे दाबून छोट्या फाइलमध्ये बसवलेले असतात. ते आठशेच्या वायरवर ऐका की आठ हजारांच्या हेडफोनवर, मी तोच बोलणार आणि माझा घसा तसाच खरखरणार. गाण्यांचं वेगळं आहे. तबल्याची थाप, बासरीचा श्वास, तिथे फरक ऐकू येतो, मी नाकारत नाही. पण भावाच्या फोनमध्ये नव्वद टक्के वेळ सामान्य ज्ञान चालू असतं.

इथवर येऊन मी त्याला "नको घेऊ" लिहायला बसलो होतो. मोठ्या भावासारखं, उपदेशासकट. मग रविवारी मावशीकडे गेलो आणि माझा पूर्ण हिशोब चुकला.

मिलच्या भिंतीला लागून

त्याची खोली राइस मिलच्या भिंतीला लागून आहे, हे मला माहीत होतं. पण मी नेहमी दुपारी जायचो, जेवणाच्या सुट्टीत. या वेळी सकाळी गेलो. धान निघायचे दिवस, मिल सकाळपासून चालू. घुंऽऽऽ असा एकच आवाज, खाटेच्या पायातून वर येणारा. तो टेबलाशी बसला होता, कानात जुने बड्स. मी मागून जाऊन फोन पाहिला. माझ्या फोनवर पंधरा पायऱ्यांचा आवाज असतो, त्याच्याही. तेराव्यावर होता. दिवसाला चार-पाच तास.

मला आबाजी आठवले.

शेवटच्या पाच-सहा वर्षांत आबाजी ट्रान्झिस्टर कानाला टेकवून बसायचे. आधी भजन जोरात, मग बातम्या जोरात, मग सगळंच. आम्हाला म्हणायचे, "सेल उतरले वाटते बे, आन दोन." मी दुकानातून आणायचो. घातले की पाच मिनिटं ते चाकाशी खटपट करत, मग पुन्हा तेच, "हे बी उतरलेले देल्ले त्यानं." दुकानदाराशी दोनदा भांडून आलो मी. सेल नवेच होते. आधी त्यांना पाखरांचा आवाज ऐकू येईना, मग लहान पोरांचं बोलणं. मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा बहुतेकांचा 4,000 हर्ट्झच्या आसपासचा पट्टा आधी जातो, बारीक आवाज, स, त, क ही अक्षरं. माणसाला वाटतं समोरचा पुटपुटतोय. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आयुष्यभर मिल. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बहिरेपणा म्हणजे एक दिवस ऐकू यायचं बंद होणं अशी आमची समजूत. तो सेल उतरल्यासारखा हळूहळू येतो.

जागतिक आरोग्य संघटनेचं गणित साधं आहे. 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: 83 ला 20 तास, 86 ला 10. 90 डेसिबलला आठवड्याचे फक्त चार तास. भाऊ मिलचा आवाज झाकायला त्याच्यावरून क्लास वाजवत होता. त्याचं ऐकणं इथे अडलं होतं. बाल्डविनचं सभागृह वेगळं, याचं वेगळं.

आवाज रोखणाऱ्या हेडफोनचीही एक गोष्ट आहे, ती पटकन सांगतो. कल्पना 1930 च्या दशकातली, जर्मनीतल्या पाउल ल्यूगची: लाटेवर बरोबर उलटी लाट सोडली तर दोन्ही एकमेकींना खातात. पण त्या काळी ते करायला वस्तू नव्हत्या. 1978 मध्ये अमर बोस, वडील बंगाली क्रांतिकारक, स्वतः अमेरिकेत प्राध्यापक, विमानातून घरी परतत होते. विमानात दिलेले हेडफोन घातले तर इंजिनाच्या घरघरीत गाणं ऐकूच येईना. त्यांनी तिथेच कागदावर गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला 1989 उजाडलं, सामान्य प्रवाशांसाठीचा 2000 मध्ये. एका गाऱ्हाण्यामागे बावीस वर्षं.

आता ही युक्ती कुठे चालते ते ऐका, कारण जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं. ती चालते एकसारख्या, जाड, घुमणाऱ्या आवाजावर. विमानाचं इंजिन, एसटीचं इंजिन, कूलर, पंखा. आणि राइस मिल. कुत्र्याचं भुंकणं, शिट्टी, शेजारच्याचं बोलणं यावर ती अर्धीमुर्धीच. म्हणजे अभ्यासिकेत बाजूचा पोरगा कुजबुजतो म्हणून कोणी घेत असेल तर पैसे वाया जातील. मिलच्या भिंतीसाठी मात्र ती जणू बनवलेलीच.

मी सोबत मित्राचा हेडफोन मागून नेला होता, असा आवाज रोखणारा. आम्ही तिथेच बसून प्रयोग केला, एकच व्याख्यान, एकच मिल. आधी त्याच्या जुन्या बड्सचं रबर बदलून पाहिलं, पाकिटात मोठ्या मापाचं पडून होतं, त्याने कधी लावलंच नव्हतं. कानात घट्ट बसल्याबरोबर तेरावरून दहा. फुकटात तीन पायऱ्या! मग मित्राचा हेडफोन. सात. त्यातही शब्द आधीपेक्षा स्पष्ट. भाऊ म्हणाला, "दादा, मॅडमचा आवाज असा आहे होय?" मॅडम भूगोल शिकवत होत्या.

मग कागद घेतला. रोज चार तास, बॅटरी तीन वर्षं धरली तर 4,380 तास. सात हजारांच्या हेडफोनचा तास एक रुपया साठ पैशांना. महाग वाटत नाही असा हिशोब केला की, आणि सेलवाले तुम्हाला असाच करायला लावतात, म्हणून सावध राहा. कारण 6,999 च्या त्या वस्तूत जे भरलं होतं त्यातलं अर्धं त्याला नको होतं. उंच दर्जाच्या गाण्यांचा कोडेक, जो त्याच्या फोनमध्ये चालतच नव्हता. डोकं हलवलं की आवाज फिरणारी गंमत. नावाचे पैसे. त्याला हवी होती फक्त ती उलटी लाट आणि कानावर नीट बसणारी गादी. ती 2,600 मध्ये मिळाली, तुमसरच्या दुकानात, घालून बघून. भावाने दुकानातून मला फोन केला आणि दुकानाबाहेर उभ्या ट्रकजवळ जाऊन चालू-बंद करून दाखवली. मला फोनवरून काय कळणार होतं, पण तो खूश होता. एक क्विंटल आणि थोडं वर. उरलेल्यातून भरतीच्या परीक्षेचा फॉर्म भरला आणि बूट घेतले, धावायचे.

आता तो सहावर ऐकतो. मावशीचं म्हणणं आहे की "जेवाले ये" हे त्याला मुळीच ऐकू येत नाही. मी सांगितलं ना, माणसाचा आवाज ते यंत्र पूर्ण रोखत नाही. तो सोंग करतो.

निघताना मावशीने कपाटावरून आबाजींचा ट्रान्झिस्टर काढून दिला, "तू असलं काय काय सांगतोस, तुलेच राहू दे." मागचं झाकण उघडलं तर सेल फुटून पांढरी-काळी पूड स्प्रिंगवर वाळलेली. ते गेले त्या दिवशी तो चालूच राहिला असणार, कोणी बंद केला नाही, सेल आपोआप संपले. आम्ही लिंबाने स्प्रिंगा घासल्या, पुसल्या, वाळवल्या, भावाने दोन नवे सेल आणले. घातल्याबरोबर एवढ्या जोरात खरखर झाली की मिलचा आवाजसुद्धा मागे पडला. चाक शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

स्वयंपाकघरातून मावशी ओरडली, "आबाजी, कमी करा ना जी!"

मग कोणी काही बोललं नाही. भावाने हात लांब करून चाक मागे फिरवलं.